शिव्यांची यादी नंतर करा, आधी क्रियापदं बघा

प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं नीट लागेल. एक शिक्षिका आहेत, जळगावकडच्या. सातवी-आठवीच्या पोरांबरोबर 'आपल्या बोलण्यातली स्त्री-पुरुष विषमता' असा प्रोजेक्ट करायचाय, त्यासाठी त्यांनी बायकांवरच्या म्हणी आणि आईबहिणीवरच्या शिव्या यांची यादी करायला घेतलीय, आणि त्यांचे मुख्याध्यापक म्हणतायत की बाई, शब्दांनी काय होतंय, परिस्थिती बदलली की शब्द आपोआप बदलतात, उगाच पालकांच्या तक्रारी कशाला ओढवून घेता. तर खरं कोणाचं, आणि पोरांकडून नेमकं काय करून घेऊ, असं त्या विचारतायत.

मी गेली बावीस वर्षं आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक, बचत गट, मध्येच कधी पोलीस पाटील अशा सगळ्यांची शिबिरं घेते, सातारा-सांगली-सोलापूर भागात जास्त, मराठवाड्यात थोडी. सुरुवातीची पाच-सहा वर्षं मीही म्हणींचीच यादी करायची. फळ्यावर म्हणी लिहायच्या, सगळ्यांनी हळहळायचं, चहा प्यायचा, घरी जायचं. मग एकदा शिक्षकांच्या शिबिरात एक गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, मॅडम, ह्या म्हणी आमच्या घरात कुणी वापरतच नाही, आम्ही सुधारलेली माणसं आहोत, आमच्या मिसेसला आम्ही नोकरीसुद्धा करू दिलीय. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. संध्याकाळी एसटीत बसल्यावर डोक्यात लागलं, 'करू दिलीय'. यादीत एकही म्हण न बसवता माणसानं सगळं सांगून टाकलं होतं, आणि ते त्या खोलीत कुणालाच ऐकू आलं नव्हतं. शिकवणारीला पण नाही.

तेव्हापासून मी म्हणी जवळपास सोडल्या. म्हण आणि शिवी ऐकू येते म्हणून ती पकडता येते, तिच्यावर बंदीही घालता येते. नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा ग्रामपंचायतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये आईबहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड असा ठराव केला, चांगलं केलं, मी नावं ठेवणार नाही, भांडण पुरुषांचं आणि शिवी मात्र घरी भाकऱ्या थापत बसलेल्या बाईला, हे कुणीतरी चारचौघात म्हणायला हवंच होतं. पण क्रियापदाला दंड लावता येत नाही. आणि माझ्या मते खरा माल तिथंच आहे, कोण करतं, कोणाला केलं जातं, कोण देतं, कोणाला दिलं जातं.

'नांदणे' घ्या. लग्न दोघांचं होतं, पण नांदते फक्त ती. ती नांदायला गेली, ती नांदत नाही, चार महिने नांदली आणि परत आली. तो काय करतो? तो नांदवतो. किंवा नांदवत नाही. म्हणजे संसार टिकला नाही तर ती नांदली नाही, आणि टिकला तर त्यानं नांदवली. गंमत अशी की हिंदू विवाह कायदा, १९५५ याचं कलम ९ आहे ना, जोडीदार विनाकारण सोडून गेला तर परत एकत्र राहण्यासाठी कोर्टात जाण्याचं, ते दोघांनाही सारखंच लागू आहे, नवरा पण जाऊ शकतो, बायको पण. कायद्याच्या वाक्यात काही डावं-उजवं नाही. पण आपण त्याला काय म्हणतो? 'नांदायला येण्याची नोटीस'. ऐकल्याबरोबर कुणी कुणाला पाठवली हे कळतं, विचारावं पण लागत नाही. कित्येक बायकांना मी सांगितलंय की हे तुम्हीसुद्धा करू शकता, त्या हसतात, म्हणतात म्हणजे मी त्यांना नांदायला बोलवू? वाक्यच तयार होत नाही त्यांच्या तोंडात, हक्क असून काय उपयोग.

आता लग्नाचीच बाकीची क्रियापदं बघा. मुलाचं लग्न 'केलं', मुलीचं लग्न 'करून दिलं'. त्या एका 'दिलं'मध्ये सगळा व्यवहार आहे. मुलगी बघतात, पसंत करतात, देतात, उजवतात, फार दिवस जमत नसेल तर शेजारीपाजारी विचारतात खपली का. 'आमची थोरली बार्शीला दिलीय.' कुणी 'आमचा थोरला बार्शीला दिलाय' म्हणून बघा, लोकांना वाटेल दत्तक दिला. दोघं मिळून पळून गेले तर 'अमक्याची पोरगी पळून गेली', एकटीच गेल्यासारखी, आणि पोलीस स्टेशनला गेलं की तिथं लगेच उलटं होतं, 'त्यानं पळवली', म्हणजे बदनामी करायची असते तेव्हा क्रियापद तिचं आणि तक्रार लिहायची असते तेव्हा तिचं डोकंच काढून घ्यायचं. दोन्ही वाक्यांत तिनं विचार करून काही ठरवलं असं कुठंही नाही.

घरकामाचंही तसंच. 'आमचे हे घरात खूप मदत करतात.' ह्यात वाईट काय, असं विचारतात मला, कौतुकानंच बोलतेय ना ती. हो, कौतुकानंच. पण मदत दुसऱ्याच्या कामात करतात. काम तिचं ठरलेलं आहे, वाद फक्त मदतनीस मिळाला की नाही एवढाच. आणि मग 'तुमच्या मिसेस काय करतात?' 'काही नाही, घरीच असते.' केंद्र सरकारनं २०१९ साली वेळ कसा जातो याची देशभर पाहणी केली होती, त्यात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका १०० मागे ८१ आणि पुरुष २६ निघाले, आणि जे करतात त्यांच्यात बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. जवळपास पाच तास रोज, आठवड्याची सुट्टी नाही, त्याला आपल्याकडचं क्रियापद 'असते'. घरीच असते. कपाट असतं तशी.

आकडे मी शिबिरात नंतर काढते, आधी नाही. आधी काढले की पुरुष आकड्यांवर वाद घालतात आणि वाक्य सुटून जातं.

जमिनीच्या बाबतीत हा खेळ पैशापर्यंत जातो. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हिस्सा दिला, केंद्राचा कायदा २००५ मध्ये आला, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की २००५ला वडील हयात होते की नाही हा प्रश्नच येत नाही. कागदावर विषय संपला. आता बोलणं ऐका. भाऊ घेतात त्याला 'वाटणी' म्हणतात. बहीण घेते तेव्हा ती 'हिस्सा मागायला आली'. भावाला कुणी मागायला आला म्हणत नाही, त्याचं त्याला मिळतं. आणि बहिणीनं सही करून दिली की 'हक्कसोड'. शब्द किती देखणा आहे बघा, सोडणारी तीच, कुणी काढून घेतलं असं दिसतच नाही. 'माझ्या बहिणींनी हसत हसत हक्कसोड करून दिलं' असं मी अक्षरशः शेकडो वेळा ऐकलंय, आणि त्या बहिणींपैकी ज्या शिबिरात भेटल्या त्या म्हणतात सही केली नसती तर माहेर तुटलं असतं, दिवाळीला जायचं कुठं. हसू त्यांचं होतं, गरज दुसऱ्याची होती.

बरं, हे पकडायचं कसं, तर माझी एकच युक्ती आहे, वाक्य उलटं करायचं. बाईच्या जागी पुरुष ठेवायचा, पुरुषाच्या जागी बाई, बाकी अक्षर बदलायचं नाही. आणि खोली हसली की थांबायचं. हसू आलं तिथं काहीतरी आहे. 'माझ्या बायकोनं मला नोकरी करू दिलीय.' हशा. 'लग्नानंतर पण त्याला गाणं चालू ठेवायला परवानगी आहे हो, सासरचे चांगले आहेत.' हशा. 'दिवसभर ऑफिस करून घर पण सांभाळतो, कमाल आहे बाई त्याची.' इथं हशा जरा कमी, कारण काही जण खरंच सांभाळतात, आणि ते हसत नाहीत हे मी बारकाईनं बघते.

ही युक्ती माझी नाही बरं का. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं ते हेच होतं. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेचा खटला गाजत होता, वर्तमानपत्रातून सगळ्या बाईजातीच्या नावानं शिमगा चालला होता, तेव्हा ताराबाईंनी बायकांना लावलेली दूषणं एकेक करून उचलली आणि हे तुमच्यात जास्त आहे की आमच्यात, असं पुरुषांना विचारलं. त्यांच्यावर एवढा गहजब झाला की जोतीराव फुल्यांना आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेतून त्यांची बाजू घ्यावी लागली. फुल्यांचं स्वतःचं लिहिणं बघितलंत तर ते नुसतं माणूस किंवा मानव म्हणून थांबत नाहीत, 'स्त्रीपुरुष' असं म्हणत राहतात, पुन्हा पुन्हा, वाचताना अडखळायला होतं इतक्या वेळा. मला वाटतं अडखळावं म्हणूनच.

दुसरी जागा म्हणजे ज्या शब्दांना जोडीदारच नाही असे शब्द. वांझ, वांझोटी, पुरुषाला काय म्हणतात? वैद्यकीय शब्द आहेत, पण बारशाच्या दारात तोंडावर फेकायचा शब्द नाही. सवाष्ण, याचं पुल्लिंग? 'निपुत्रिक' तर मला फार आवडतो, म्हणजे उदाहरण म्हणून आवडतो. तीन मुली असलेला माणूस निपुत्रिक. 'विधुर' आहे डिक्शनरीत, पण गावात विधुराला विधुर कुणी म्हणत नाही, बिचाऱ्याची बायको गेली म्हणतात, आणि वर्षाच्या आत तो बिजवर, म्हणजे दुसऱ्यांदा नवरदेव होतो, म्हणजे नवं नाव ते पण नवरेपणाचंच. आणि तिकडे 'रांड' ह्या शब्दाचा साधा अर्थ विधवा होता, नवरा मेलेली बाई एवढाच. तो शिवी झाला. नवरा मेला हीच शिवी. ह्याच्यापुढे अजून काय समजावून सांगायचं असतं.

आता मुख्याध्यापकांच्या मुद्द्याला येते, कारण विधवांच्या बाबतीत महाराष्ट्रात दोन प्रयोग जवळजवळ लागोपाठ झाले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा वारल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढून घेणं हे बंद. शब्दाला त्यांनी हात लावला नाही, हातातल्या बांगड्यांना लावला. सरकारनं त्याच महिन्यात बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचं अनुकरण करा म्हणून परिपत्रक काढलं. आणि मग एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून सूचना आली की विधवा म्हणू नका, 'गंगा भागीरथी' म्हणा, गं. भा. लोक खवळले, आणि मंत्र्यांना असा काही निर्णय झालेला नाही म्हणून सांगावं लागलं. बरोबरच खवळले. गं. भा. हा काही नवा शब्द नव्हता, जुन्या लग्नपत्रिका काढा, कोपऱ्यात दिसेल, आज्जीच्या नावाआधी. सौ. नाही, कु. नाही, म्हणून गं. भा. म्हणजे पाटी बदलली, कप्पा तसाच. नावाआधी नवऱ्याची हजेरी लावायची पद्धत आहे ती आहेच. श्री. म्हणजे श्री., लग्न झालेला, न झालेला, बायको मेलेला, सोडलेला, सगळ्यांना एकच पुरतं, आणि बाईला चि. सौ. कां. पासून गं. भा. पर्यंत पायऱ्या.

म्हणून मुख्याध्यापकांना सांगा, नुसता शब्द बदलून काही होत नाही हे तुमचं खरं आहे. पण परिस्थिती बदलली की शब्द आपोआप बदलतात हे मात्र खोटं आहे. कायदा १९९४ ला बदलला, 'मागायला आली' अजून तिथंच आहे, आणि ते शब्द ऐकायला लागू नयेत म्हणूनच बहिणी सही करतात. शब्द इथं आरसा नाही, पहारेकरी आहे. (शिबिरात बसून बसून असली वाक्यं बोलायची सवय लागते, माफ करा.)

कधीकधी शब्द बदलणं हेच काम असतं, तेही सांगते. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अडीचशेहून जास्त मुलींची नावं बदलली, सगळ्यांची नावं नकुसा किंवा नकोशी. तिसरी-चौथी मुलगी झाली की ठेवायचे, म्हणजे पुढचा मुलगा होईल. इथं नाव हीच परिस्थिती होती, रोज हजेरीला बाई हाक मारणार, नकुसा, आणि पोरीनं हजर म्हणायचं.

सरकारी कागदाचंही असंच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, असा महाराष्ट्र सरकारचा निर्णय आहे. मला तो आवडला, कारण तो भाषण देत नाही, फॉर्मचा कॉलम बदलतो. पण लग्न झालेल्या बाईच्या स्वतःच्या नावापुढं नवऱ्याचं नाव लावायची पद्धत त्यांनी तशीच ठेवलीय, म्हणजे ती आई म्हणून मधे आली, बाई म्हणून अजून मागेच.

बायकांच्या कामाला वापरतात त्या शब्दांवर मी जास्त वेळ घालवते, कारण शिबिरात बसलेल्याच त्या असतात. सेविका. मदतनीस. आशाताई. ताई म्हटलं की नातं झालं, आणि नात्यात पैसे मागणं वाईट दिसतं. त्यांना मिळतं त्याला पगार नाही म्हणत, मानधन म्हणतात, किंवा मोबदला. मान आणि धन, दोन्ही मिळून पगाराइतकं होत नाही अशी रक्कम. पोलीस पाटलांनाही मानधनच असतं हे एका पोलीस पाटलांनी मला भर शिबिरात सुनावलं होतं, तेव्हा हा शब्द फक्त बायकांसाठी राखीव आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या कामात जवळपास सगळ्या बायकाच आहेत तिथं तो कसा काम करतो बघा. अंगणवाडी सेविकांच्या ग्रॅच्युइटीचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, तिथंही मुद्दा हाच, की मानधन घेणारी बाई कर्मचारी आहे का आणि मानधन म्हणजे वेतन का. एप्रिल २०२२ मध्ये कोर्टानं सांगितलं की हो, ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरतं ते वेतनच धरायचं. एका शब्दाचा अर्थ लावून घ्यायला देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टात जावं लागलं, आणि आपण म्हणतो शब्दांनी काय होतंय.

सरपंचाचंही सांगायलाच हवं. बायकांना पंचायतीत एक तृतीयांश जागा ७३व्या घटनादुरुस्तीनं आल्या, आपल्याकडे २०११ पासून निम्म्या. पण ग्रामपंचायतीत तिला 'वहिनी' म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला 'सरपंच'. नंतर लोकांना लाज वाटली म्हणून 'सरपंचपती' काढला, तर तोही पदासारखाच वापरायला लागले, बॅनरवर छापून. एका गावात मी एवढंच ठरवून घेतलं होतं की मीटिंगच्या वेळेत कुणी वहिनी म्हणायचं नाही, सरपंच म्हणायचं. पहिल्या दिवशी हाक मारल्यावर तिच्या नवऱ्यानंच 'काय?' म्हणून वर बघितलं. ती पण हसली. दोन-तीन मीटिंगनंतर मात्र ती बघायला लागली, तो नाही. बाकी त्या गावात काय फार बदललं असं नाही, सह्या अजूनही घरी चहाच्या वेळीच होतात.

गुन्ह्यांच्या बातम्या हा तर वेगळा तास आहे, सातवीच्या मुलांबरोबर सगळं नाही घेता येणार, पण दोन गोष्टी घेता येतात. एक, करणारा वाक्यातून गायब होतो. 'विवाहितेवर अत्याचार झाला.' पाऊस झाला तसा झाला. कुणी केला? आणि तिची ओळख काय, तर विवाहिता, म्हणजे इथंही आधी नवऱ्याची हजेरी. दुसरं, 'एकतर्फी प्रेमातून हल्ला'. मुलींनी दहा वेळा नाही म्हटलं तरी त्याला प्रेमच म्हणायचं, फक्त एकतर्फी. मोठ्यांबरोबर मी 'विनयभंग' पण घेते. कृत्य त्याचं, आणि मोडला काय, तर तिचा विनय. इंग्रजांच्या १८६० च्या दंड संहितेतलं कलम ३५४, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ७४, आकडा बदलला, शब्द राहिला. सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीश-वकिलांसाठी एक पुस्तिका काढली, त्यात स्त्रियांबद्दलचे कुठले साचेबंद शब्द निकालपत्रात वापरू नयेत आणि त्याऐवजी काय लिहावं ते दिलंय. कोर्टाला स्वतःच्या भाषेची अशी यादी करावीशी वाटली, तर शाळेनं करायला काय हरकत आहे, हे पण मुख्याध्यापकांना ऐकवा.

एक गोष्ट मात्र टाळा, ती म्हणजे व्याकरणातल्या लिंगावर भांडत बसणं. बऱ्याच उत्साही ट्रेनर मंडळींचा हा आवडता विषय आहे. मराठीत गाडा मोठा गाडी लहान, सुरा मोठा सुरी लहान, डबा-डबी, दोर-दोरी, पुल्लिंग थोराड आणि स्त्रीलिंग नाजूक, हे खरंय, मुलांना मजा पण येते शोधायला, अर्धा तास द्या. मालवणीत चेडू म्हणजे मुलगी, ती नपुंसकलिंगी, कोकणीतही तरुण मुलीला तसंच बोलतात, हेही खरं. पण त्यावरून फार मोठं काही सिद्ध करू नका. बंगालीत क्रियापदाला लिंगच नाही, तुर्की-फारसीत तो आणि ती एकच, म्हणून तिथल्या बायका काही सुटल्या नाहीत. आणि आपल्या कोल्हापूरच्या मुली बिनधास्त 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, कानाला छान वाटतं, पण हेरवाडला ठराव करावा लागला तो कोल्हापूर जिल्ह्यातच ना.

'अहो' आणि 'अगं' वर पण मी आता भांडत नाही. पूर्वी खूप भांडायची. एका आजींनी मला सांगितलं, पोरी, मी त्यांना अहो म्हणते आणि माझ्याशिवाय घरातलं पान हलत नाही, तू तुझ्या नवऱ्याला अरे म्हणतेस आणि शिबिराला यायला विचारून येतेस. खरंच विचारून आले होते.

आता वर्गात काय करायचं. पालकांच्या तक्रारी टाळायच्या असतील तर घरी कोण काय बोलतं हे गोळा करायला लावू नका, पोरं येऊन सांगतात माझे बाबा आईला असं म्हणतात आणि मग गावभर होतं. त्यांना स्वतःचीच वाक्यं लिहायला लावा, आठवडाभर, मी आज काय बोललो. आणि सुरुवात मुलांच्या बाजूनं करा, मुलींच्या नाही. मुलग्यांना कोणते शब्द लागतात ते विचारा. 'रडतोस काय मुलीसारखा', 'बायल्या', 'बांगड्या भर', हे त्यांनी खाल्लेलं असतं, आठवीच्या मुलाला विचारा, तो तारीख-वार सांगेल. मग साधा प्रश्न, ह्याच्यात तुला शिवी कुठली दिली? मुलीसारखा म्हणाले, ही शिवी का झाली? आणि वर्गातल्या मुली हे ऐकत बसलेल्या असतात. ह्या प्रश्नानंतर जी शांतता होते ती मोडू नका, तुम्ही बोलू नका, कुणीतरी पोर बोलतंच. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा मागच्या बाकावरचा मुलगा बोलतो.

त्यानंतर उलटं करायचा खेळ. मुलांनी वाक्यं आणायची, वर्गानं उलटी करायची, हसू आलं की ते वाक्य फळ्यावर. हसू नाही आलं ती वाक्यं पण एका बाजूला लिहा, म्हणजे मुलांना कळेल की सगळंच बोलणं वाईट नसतं, नाहीतर त्यांना वाटतं बाई आपलं तोंडच बंद करायला निघाल्या. मग फळ्यावरच्या प्रत्येक वाक्यात क्रियापदाखाली रेघ मारायची आणि कर्ता शोधायचा, व्याकरणाचा तास पण होऊन जातो, मुख्याध्यापक खूश. सोपं वाटतं पण 'मुलगी पुण्याला दिली' यातला कर्ता शोधायला मुलांना भरपूर वेळ लागतो, लागू द्या.

शिव्या शेवटी घ्या, घेतल्याच तर, आणि लिहून नका घेऊ.

यादी झाली की मला पाठवाल का? मी खानदेशात फारसं काम केलेलं नाही, अहिराणीत मुलगी 'दिली' आणि 'नांदते' ह्याला नेमकं काय म्हणतात, आणि नवऱ्यानं सोडलेल्या बाईला 'टाकलेली' म्हणतात की दुसरा काही शब्द आहे, हे मला हवंय, आणि हे घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारलंत तर जास्त मिळेल, पुस्तकात नाही मिळत.